क्रॉस मोठा करण्याआधी, तुटायचं काय ते ठरवा

मोठे टायर, लॉकर (अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आणि जादा रिडक्शनचं ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) एकाच फोर बाय फोर गाडीत आलं की प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाच्या यू-जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा, कुरकुरणारच. साधं गणित करा. इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आणि ट्रान्सफर केसच्या लो रेंजचंही ४ धरलं, तर शाफ्टवर ४,००० न्यूटन-मीटर येतात. पुढची चाकं अधांतरी आणि मागची दगडात अडकलेली असली तर जवळपास सगळा भार मागच्या एका शाफ्टवर.

यू-जॉइंट बनवणाऱ्या स्पायसरच्या मापांत १३१० नंबरच्या क्रॉसचा कप (क्रॉसच्या दांडीवर बसणारी, आत सुयांसारखे बारीक रोलर असलेली टोपी) २७ मिमी व्यासाचा आणि क्रॉसची रुंदी ८१.८ मिमी. १३३० चा कपही तेवढ्याच जाडीचा, फक्त रुंदी ९२.१. १३५० ची रुंदी तीच ९२.१, पण कप ३०.२ मिमीचा. म्हणजे १३१० वरून १३३० वर गेलात तर सुयांवरचा दाब कमी होतो, पण दांडी तेवढीच जाड राहते. दांडी तुटत असेल तर थेट १३५० च घ्यावा. मधे थांबणं म्हणजे पुन्हा योक (क्रॉसला दोन्ही बाजूंनी धरणारा दोन कानांचा काटा) विकत घेणं.

मात्र क्रॉस एकटा मोठा होत नाही. दोन्ही टोकांचे योक बदलावे लागतात, आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरचा) योक काढताना खरी गंमत असते. क्रश स्लीव्ह (आवळताना दबून आकार धरणारी नळी) असलेल्या डिफरन्शियलमध्ये नट सैल केला की प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ठरावीक ताण, गेला. नवा सील घाला, नट हळूहळू आवळा आणि पिनियन फिरवायला लागणारा जोर इंच-पाउंडच्या टॉर्क रेंचने मोजत राहा. जास्त आवळलात तर नट मागे फिरवून भागत नाही, स्लीव्ह नवी घालावी लागते.

जुना क्रॉस काढण्याआधी शाफ्ट, स्प्लाइन आणि योकवर पंचने खुणा करा. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत नसतील तर गाडी थरथरते. क्रॉस २० अंशांत चालला तर बाहेरचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा साधारण ६ टक्क्यांनी कमीजास्त होतो, ३० अंशांत हाच फरक १३ ते १५ टक्क्यांवर जातो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तरच हे एकमेकांना मारतं. डबल कार्डन (एकाच टोकाला दोन क्रॉस जोडलेला जॉइंट) असेल तर गणित वेगळं, तिथे पिनियन जवळजवळ ट्रान्सफर केसकडे रोखलेला हवा. आणि मधला सेंटरिंग बॉल ग्रीसशिवाय कोरडा पडतो, तिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

बसवताना हातोडा नको. व्हाइसमध्ये एका बाजूला छोटं सॉकेट दाबायला, दुसऱ्या बाजूला कप आत जाईल एवढं मोठं. कप पूर्ण आत जात नसेल आणि सर्क्लिप (कप जागेवर धरणारी रिंग) खाचेत बसत नसेल तर जोर लावू नका, कप काढा. बहुतेक वेळा एक सुई तळाशी आडवी पडलेली असते. सगळे सर्क्लिप बसल्यावर योकच्या कानांवर प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका, क्रॉस हाताने दोन्ही दिशांना मोकळा फिरला पाहिजे. कप योकला धरणारे यू-बोल्ट मात्र योकच्या मापातल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळले तर कप अंडाकृती होतो आणि सुया एकाच जागी खड्डे पाडतात.

ग्रीस निपलचा क्रॉस की सीलबंद? चिखलपाण्यात ग्रीस भरता येणं चांगलं, पण त्यासाठी क्रॉसमध्ये भोकं असतात आणि तो तेवढा कमजोर. खडकांत चालणाऱ्या गाडीला सीलबंदच बरा.

योक मोठा झाला की कोनाची मोकळीक बघा. गाडी उचलून चाकं पूर्ण खाली लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने फिरवा. योकचे कान एकमेकांना घासत असतील तर लिमिट स्ट्रॅप (अ‍ॅक्सलला जास्त खाली जाऊ न देणारा पट्टा) लावा. सायलेन्सरचा पाइप आणि क्रॉसमेंबरही तपासा.

आणि १३५० नंतरही गाडी अडेल तेव्हा तुटायची पाळी अ‍ॅक्सल शाफ्टची किंवा डिफरन्शियलमधल्या रिंग गिअरची. क्रॉस तुटला तर तो खाली झोपून बदलता येतो, रिंग गिअर नाही. म्हणून ३५ इंची टायर, मोजका जोर आणि कमी वजन असेल तर १३१० च ठेवा, सोबत एक जादा क्रॉस, यू-बोल्टचा जोड आणि ते दोन सॉकेट टूलबॉक्समध्ये.