टाकी फुल्ल केली की गाडी मिसिंग: सापडलं ते पर्ज व्हॉल्व्हमध्ये

गाडी माझी, २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर. दुखणं असं की पंपावर टाकी फुल्ल करून सेल्फ मारला की लवकर उचलत नाही. उचललीच तर आरपीएम पाचशेच्या खाली लोळतो, बॉनेट थरथरतं, पेट्रोलचा वास येतो आणि पंपाबाहेर पडेपर्यंत एकदा तरी बंद पडते. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तर तग धरते. चार-पाच किलोमीटर गेलं की एकदम शहाणी, ती थेट पुढची टाकी भरेपर्यंत.

अकोल्यात हे कुणालाही सांगा, उत्तर ठरलेलं आहे: "पंप बदला, पेट्रोलमध्ये पाणी आहे." अलीकडे त्यात दुसरं उत्तर जोडलं गेलंय: "ई-२० मुळे होतंय," म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. दोन्ही कारणांनी गाड्या मिसिंग करतात, नाही असं नाही. पण इथे वेळ जुळत नव्हती. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी आतून ६ मिमी धरली तर मीटरला साधारण २८ मिली पेट्रोल मावतं. तीन मीटर नळी आणि वर इंजेक्टरची रेल, म्हणजे शंभरेक मिली जुनं पेट्रोल आधीच पुढे जाऊन बसलेलं असतं. लिटरला १५ चं ॲव्हरेज असेल तर त्यावर दीड किलोमीटर निघतो. नवं पेट्रोल खराब असतं तर गाडी पंपावर नाही, दोन चौक ओलांडल्यावर रडली असती, आणि मग टाकी संपेपर्यंत रडतच राहिली असती. माझी नेमकी उलट वागत होती.

तरी मनात शंका नको म्हणून इंधन पंपाचा रिले काढून प्रेशर उतरवलं आणि लाइनमधून थोडं पेट्रोल काचेच्या मोजपात्रात घेतलं. तळाला पाण्याचा थेंब नव्हता. मग ९० मिली पेट्रोलमध्ये १० मिली पाणी घालून हलवून ठेवलं. इथेनॉल पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर १० वरून २८ च्या आसपास चढला. ९० मध्ये १८, म्हणजे वीस टक्के. पंपावर जे लिहिलंय तेच टाकीत होतं. पंपवाला सुटला.

आता स्कॅनर. चेक इंजिनचा दिवा कधी पेटलाच नव्हता, पण पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या दोषांच्या यादीत, पी०१७२ हा कोड बसलेला होता: मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. हे बहुतेक कोड लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच दिवा पेटवतात. माझा दोष पुढच्या फेरीला गायब, म्हणून दिवा गप्प. पुढच्या वेळी टाकी भरताना स्कॅनर लावूनच गेलो आणि गाडी पंपाच्या कडेला हवा भरायच्या जागी उभी केली. शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) त्या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा, उणे २२. इथे ई-२० चाही निकाल लागला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ईसीयूला पेट्रोल वाढवावं लागतं आणि ट्रिम अधिककडे सरकते. माझा ईसीयू पेट्रोल कापत होता. म्हणजे इंजेक्टर सोडून दुसरीकडून कुठून तरी इंधन आत येत होतं.

दुसरीकडून म्हणजे टाकीची वाफ. टाकी भरताना ती ढकलली जाऊन कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (डब्यात) साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिन ती ओढून जाळून टाकतं. इंजिन गरम होईपर्यंत आणि आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) हा व्हॉल्व्ह मिटलेला किंवा जेमतेम उघडा असायला हवा. मी कॅनिस्टरकडून येणारी नळी पकडीत कापड घालून चिमटली. दोन-तीन सेकंदांत आरपीएम साडेसातशेवर स्थिर, ट्रिम शून्याकडे. पकड सोडली की पुन्हा थरथर. याहून सरळ पुरावा मागायची गरज नाही.

घरी येऊन, इंजिन गार झाल्यावर, व्हॉल्व्ह काढला. कॉइल २७ ओहम, १२ व्होल्ट दिले की टिकटिकतो. म्हणूनच व्हॉल्व्हच्या सर्किटचा कोड पी०४४३ कधी आला नाही. ईसीयूला तार आणि कॉइल दिसते, आतली झडप घट्ट बसते की नाही ते दिसत नाही. वीज न देता नळी लावून फुंकलं तर हवा आरपार. पांढऱ्या रुमालावर आपटला तेव्हा खसखशीपेक्षा बारीक काळे दाणे पडले. कॅनिस्टरचा कोळसा. तो अडकल्यामुळेच व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता.

तो तिथे कसा आला, याचं उत्तर पंपावरच्या "राउंड फिगर करू का?" मध्ये आहे असं माझं ठाम मत आहे. नोझल आपोआप कट झाल्यावरही तीनदा-चारदा ट्रिगर दाबून घालतात. वाफेसाठी ठेवलेली जागा भरते, ओलं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि भिजलेला कोळसा भुगा होऊन पुढे सरकतो. त्यात आमच्याकडचा मे महिना. ४४ अंशांत टाकीत वाफ किती होत असेल ते वेगळं सांगायला नको. गाडी विकत घेतली तेव्हाच आधीच्या मालकाची "फुल्ल म्हणजे फुल्ल" ही सवय ऐकली होती. प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग असं सगळं एका गॅरेजने सुचवलं होतं. प्लग काढून पाहिले, काजळी होती, पण ती रिच मिश्रणाने आलेली. पुसून तेच परत लावले.

नवा व्हॉल्व्ह बसवलाय. पहिल्या कटला थांबून टाकी भरली, पहिल्या सेल्फला सुरू, ट्रिम उणे ३. नळीत तात्पुरता पारदर्शक पेट्रोल फिल्टर घातलाय आणि त्यात अजून काळे कण जमतायत, म्हणजे कॅनिस्टर बदलल्याशिवाय नवा व्हॉल्व्हही टिकणार नाही. भंगार बाजारातला कॅनिस्टर स्वस्त मिळतोय, पण तोही कुणीतरी राउंड फिगर करून भिजवलेला नसेल कशावरून? नवाच मागवलाय.