मे महिन्याचं प्रमाण जुलैत का फसलं

झटका दिला की घट्ट, हळू हात लावला की पातळ, असं कॉर्नफ्लोअर-पाण्याचं मिश्रण करायचं तर मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, १ किलो कॉर्नफ्लोअरला ८२० मिली पाणी, डोळे झाकून. मे महिन्यात ते बसलंही होतं. बुक्की मारली की हात वरच्या वर, हळूच बोटं टेकली की सरळ आत. तेच प्रमाण, तोच काटा, तोच डबा घेऊन जुलैच्या पहिल्या रविवारी बसलो आणि बुक्की थेट तळाला लागली. भिंतीवर, कॅलेंडरवर, आज्जीच्या लुगड्यावर शिंतोडे. "एक किलो पीठ घालवलास की रे," एवढंच म्हणाली.

पहिला संशय दुकानावर. आमच्याकडे नुसतं 'मक्याचं पीठ' मागितलं की गोविनजोळाचं, म्हणजे अख्ख्या मक्याचं, पिवळं पीठ हातात पडतं. त्यात कोंडा, तेल, प्रथिनं सगळंच असतं, त्याचा नुसता रेंदा होतो. आपल्याला हवा निव्वळ स्टार्च, आणि आपल्या दुकानांत कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो हाच. पण माझं पीठ पांढरंशुभ्र होतं, बोटांत दाबलं की करकरणारं. दुकानदार सुटला.

मग आठवलं. मे महिन्यात पुडा नवा फोडला होता. हे उरलेलं पीठ ढिल्या झाकणाच्या डब्यात, खिडकीशी. बेळगावच्या पावसात मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात, मग स्टार्चच कसा कोरडा राहील? एक सीलबंद पुडा आणला, दोन्हीतलं १००-१०० ग्रॅम ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीन तास ठेवलं. पुड्यातलं ८८ ग्रॅम भरलं, डब्यातलं ८३. म्हणजे किलोमागे ५० ग्रॅम स्टार्च कमी, वर तेवढंच पाणी जास्त. मिश्रणात वजनाने ५५ टक्क्यांच्या आसपास पीठ असलं की ते बुक्की अडवू लागतं, आणि माझं पुड्यातल्या कोरड्या पिठाच्या हिशेबाने ५२ वर घसरलेलं. पुड्यातलं १२५ ग्रॅम पीठ घालून हळूहळू कालवलं, बुक्की पुन्हा अडली. ज्यांना सादळलेल्या पिठापासूनच सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ७०० मिली पाणीच घ्यावं आणि पुढे चमच्याचमच्याने वाढवावं.

आता खरी मजा. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून मित्राने बेअरिंगची २५ मिमीची गोळी आणून दिली, वजन ६४ ग्रॅम. दुधासारख्या पांढऱ्या मिश्रणात गोळी दिसणार कुठून? म्हणून एम-सीलने तिला दोरा चिकटवला, दोऱ्यावर अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर शाईच्या खुणा केल्या, आणि मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमवर लावला. डब्यात मिश्रण साडेतेरा सेंटिमीटर. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली अशाच बुडत्या गोळीचा अभ्यास मांडला होता. तळाजवळ गोळी थांबते, निघते, पुन्हा थांबते, असं त्यांना दिसलं.

माझ्या पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, हात हलला. तिसऱ्या खेपेला करंट गेला. चौथ्या वेळी मात्र तळ सेंटिमीटरभर राहिला असताना खूण थबकली. सरकली. पुन्हा थबकली. तीन झटके मी शपथेवर सांगतो, चौथा माझ्या हौसेने मोजला असेल.

कारण असं. स्टार्चचे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हळू ढवळलं तर दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकतो आणि ते एकमेकांवरून घसरत जातात. झटका दिला की थर फाटतो, कणाला कण घासतो, आणि या घर्षणाच्या साखळ्या भार पेलतात. व्यार्ट आणि केट्स या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हेच गणितात मांडलं. बुडती गोळी आपल्या पुढ्यात असाच एक घट्ट गड्डा ढकलत नेते. तो तळाला टेकला की गोळी अडते. भार ओसरला की कण सुटे होतात, गोळी पुढे सरकते, आणि गड्डा नव्याने बनतो.

त्या रात्री गोळी आतच ठेवून झोपलो, ही चूक. स्टार्च पाण्याच्या दीडपट जड, सकाळपर्यंत वर निवळी आणि खाली चुन्याच्या गिलाव्यासारखा थर. दोरा ओढला तर अख्खा डबा उचलला गेला. आणखी जोर लावला, दोरा तुटला, एम-सील जागच्या जागी. शेवटी उलथण्याच्या टोकाने कडेकडेने मुंगीच्या पावलांनी थर सोडवला, पाऊण तास लागला. ते पाणी मोरीत ओतू नका, जाळी तुंबते. आमचं परसात पेरूच्या बुडाशी गेलं.