सव्वादोन ग्रॅम लोखंड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि त्या दिवशी फौंड्रीत शेवटची हीट, म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाची खेप, ओतून होईपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शाळेविषयी लिहायचं म्हणजे मैदान, स्नेहसंमेलन, प्रभातफेरी सगळं यायला हवं. ते बाकीचे लिहितीलच. मला फिरून फिरून सरच आठवतात. कोणते सर, हे आमच्या बॅचला सांगायला नको. शर्टाच्या खिशावर कायम निळा डाग असायचा म्हणून पोरं त्यांना माघारी 'मोरचूद', म्हणजे तांब्याचा निळा क्षार, म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं.

नववीत धातूंची क्रियाशीलता श्रेणी आली. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम असं आम्ही पाढ्यासारखं घोकायला लागलो, तर सरांनी वह्या मिटायला लावल्या आणि विहिरीकडच्या प्रयोगशाळेत नेलं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडला. काढला तेव्हा त्याच्यावर तांबूस थर. "लोखंडानं तांब्याला जागेवरनं उठवलं आणि स्वतः जाऊन बसलं," सर म्हणाले. मला ती जादू वाटली. सगळे बाहेर पडताना मी चमचाभर मोरचूद कागदात बांधून खिशात टाकलं.

घरी खिळा सापडेना. सापडली ती आईची विळी. प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं, मोरचूद विरघळवलं आणि रात्री विळी त्यात आडवी घालून झोपलो. सकाळी पातं तांब्याच्या घागरीसारखं लाल! पाण्याचा निळेपणा उतरून ते फिकट हिरवट झालेलं. मी आनंदात असताना आई मागे येऊन उभी राहिली.

दुसऱ्या तासाला ती विळी पिशवीत घालून थेट वर्गाच्या दारात.

"मास्तर, ह्या कार्ट्यानं माझ्या विळीचं काय करून ठिवलंय बघा. आता भाजी कशानं चिरू?"

"वहिनी, आधी आत येऊन बसा," असं म्हणून सरांनी विळी हातात घेतली, उजेडात फिरवली. मग माझ्याकडे वळले. "विळी आता जड झाली का हलकी?"

"हलकी, सर. लोखंड पाण्यात गेलं."

"आणि त्याच्या जागी तांबं आलं, ते काय फुकटचं? 56 ग्रॅम लोखंड जातं तेव्हा साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं येऊन बसतं. बोल आता."

"जड."

"मग बरंच झालं की," आई म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. नंतर त्यांनी विटेच्या तुकड्यानं पातं घासलं. ते तांबं पक्कं बसलेलं नसतंच, भराभर निघालं. विळी साबणानं तीनदा धुऊन आईच्या हातात दिली. मला दोन छड्या मिळाल्या. एक चोरीची, दुसरी मोरचूद विषारी असतं हे सांगूनही ते भाजीच्या विळीला लावल्याची. आणि वर गणित. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं धरायचं, पुडी दहा ग्रॅमची धरायची, सगळं तांबं विळीवर उतरलं असं समजायचं, तर लोखंड किती गेलं? उत्तर आलं सव्वादोन ग्रॅम. "एवढं लोखंड तू आईला देणं लागतोस," सर म्हणाले.

सरांच्या सगळ्याच गोष्टी अशा घरात शिरायच्या. बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, शिकवताना त्यांनी स्वयंपाकघरातलं जर्मनचं पातेलं पुढं केलं. आपल्या जिल्ह्यातल्या चंदगडच्या डोंगरातनं बेळगावला जाणाऱ्या मातीच्या ट्रकांत हेच पातेलं असतं म्हणाले. आम्ही दहावीला होतो ते साल 1986. फेब्रुवारीत परीक्षा तोंडावर आलेली असताना त्यांनी एक अख्खा तास दोन पोरांवर घालवला. बरोबर शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघंही 1863 सालचे, एकमेकांची ओळख ना देख. बॉक्साइटमधून निघणारं अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळायला दोन हजार अंशांच्या वर उष्णता लागते. ते वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजात विरघळवलं तर हजाराच्या आतच काम भागतं आणि वीज सोडून धातू वेगळा करता येतो, हे दोघांनाही त्याच वर्षी सापडलं. "बावीस-तेवीस वर्षांची पोरं होती ती," असं म्हणून सर आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही.

पुढे मी ओतकामात पडलो. सुरुवातीला क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, होता. कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडीचा चार्ज वरनं टाकायचा. चुनखडीचा चुना होतो, तो वाळू-मातीला धरून मळी होतो आणि लोखंडावर तरंगतो. झोतभट्टीची आकृती काढून सरांनी हे शिकवलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा मळी वाहिली तेव्हा नवल वाटलं नाही. पहिल्याच हीटमधून आईसाठी खलबत्ता ओतला. सव्वादोन ग्रॅमचे व्याजासकट चार किलो झाले. सरांना दाखवायला बोलावलं होतं. "उसाचा हंगाम संपू दे, येतो," म्हणाले. मीही पुन्हा आठवण केली नाही. गाडी पाठवली असती तर तासाभराचा रस्ता होता. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

गेल्या दिवाळीत शाळेत आलो होतो. विहिरीकडच्या खोलीत आता संगणक आहेत. चांगलंच आहे, पण केरोसिनमध्ये सोडियमचा तुकडा बुडवलेली ती तपकिरी बाटली कुठे गेली, ते कुणालाच सांगता आलं नाही. पडद्यावर प्रयोग दिसतो म्हणे. वास येतो का? गंधक जाळल्यावर अख्खा वर्ग खोकायचा, त्याशिवाय सल्फर डायऑक्साइड कळतो तरी कसा?

आता आमच्याकडे इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी, आहे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट बीडात, निघतात. त्यात मॅग्नेशियम लागतं, तयार लोखंडात जेमतेम 0.04 टक्के उरलं तरी पुरे. तेवढ्यानं आतल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बीड चिवट होतं. लॅडलच्या, म्हणजे रस ओतायच्या भांड्याच्या, तळाशी मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवून वर लोखंड ओतलं, की सगळी शेड पांढरीफटक उजळते. सरांनी चिमट्यात धरून पेटवलेल्या मॅग्नेशियमच्या फितीचा उजेड तोच, फक्त शेडभर. नवीन पोरं हमखास तिकडे टक लावून बघतात. मी ओरडतो, "ज्योतीकडे थेट बघू नका रे!" शब्द सरांचे, आवाजही बहुधा त्यांचाच.