रोलर

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून आठ मागांचा कारखाना आहे. संध्याकाळी सहाला माझी शिकवणी सुरू होते तेव्हा तो ऐन भरात असतो. खटक-खट, खटक-खट. बाहेरगावचा पाहुणा दोन वाक्यं बोलून घसा धरून बसतो. पोरांना त्याचं काही वाटत नाही. उलट लाइट जाऊन माग थांबले की तीच गोंधळतात, आणि आपण इतका वेळ ओरडत होतो हे माझ्याही ध्यानात येतं.

पोरं सगळी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कन्नड किंवा हिंदी, समोरच्याला जे कळेल ते. इंग्रजीचा नंबर त्यानंतर. मला कुणी मॅडम म्हणतं, बाकी सगळी अक्का.

चालू काळ शिकवायला मला कधी कष्ट पडले नाहीत. पुस्तकातलं ‘मी जात आहे’ इथे कुणी बोलत नाही. इथे ‘जाऊलालो’, ‘खाऊलालो’, ‘काय करूलालास बे?’ ‘जाऊ लागलो’ म्हणता म्हणता मधलं अक्षर कुठेतरी गळून पडलं असावं, असा माझा आपला अंदाज. पुण्याची माणसं या ‘लालो’ला हसतात. हसोत बापडी. मी फळ्यावर लिहिते, लालो बरोबर आयएनजी, आणि पाच मिनिटांत धडा संपतो. अडतं ते पुढे. ‘कळूलालंय का रे?’ विचारलं की एका सुरात उत्तर येतं, ‘येस अक्का, वुई आर अंडरस्टँडिंग!’ मग सांगावं लागतं की वाँट, बिलीव्ह, अंडरस्टँड असल्या मनातल्या क्रियापदांना इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही. का लागत नाही, असं अजून कुणी विचारलेलं नाही. देवाची कृपा.

पण माझी खरी दमछाक करतो तो ‘अर’. दिसायला किती गरीब! टीच, टीचर. ड्राइव्ह, ड्रायव्हर. क्रियापदाला अर चिकटवला की ते काम करणारा माणूस तयार. (इन्स्पेक्टर, कंडक्टर, ऑपरेटर हे लॅटिन घराण्यातले, त्यांच्या शेवटी ई नाही, ओ. कानाला फरक कळत नाही. ते पाठच करायचं.) नियम सांगितला की त्याच आठवड्यात एखाद्या वहीत येतं, ‘माय मदर इज अ गुड कुकर.’ दरवर्षी. आणि दरवर्षी मी लाल पेन उचलते आणि क्षणभर थांबते. पोराचं चुकलं काय? कुक करते ती कुकर. पण इंग्रजांनी बाईला नुसतं कुक ठेवलं आणि अर दिला भांड्याला. त्यांच्या देशात तर अख्ख्या शेगडीलाच कुकर म्हणतात.

आपल्या भाषेनं हा घोळ घातलेला नाही. किसणारी वेगळी, किसणी वेगळी. गाळणारी बाई, गाळणी वस्तू. लाटणारीच्या हातात लाटणं. माणसाला ‘णारा’, हत्याराला ‘णी’ नाहीतर ‘णं’. दोघांची ताटं वेगळी मांडलेली. इंग्रजीत वेटर आणि हीटर एकाच साच्यातून निघतात. ट्रकवरचा पोरगा क्लीनर आणि फरशी पुसायच्या बाटलीवरही क्लीनर. आमच्या गल्लीत माग दुरुस्त करणारा येतो तो जॉबर. तिथेही अर जाऊन चिकटलाच.

एकदा मी उदाहरण म्हणून सांगितलं की माझे आजोबा जुन्या गिरणीत स्पिनर होते. जुनी गिरणी म्हणजे १८७७ सालची. तिच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे, असं आजोबा सांगत. शेवटच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, ‘अक्का, ऑफस्पिन टाकायचे का लेगस्पिन?’

त्या दिवशी हसणं आवरल्यावर मी अर बाजूला ठेवून ‘स्टर’ काढला. जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या बाईला तो लावत. स्पिन करणारी ती स्पिन्स्टर, सूत कातणारी. पुढे सतराव्या शतकात कायद्याच्या कागदांवर त्याच शब्दाचा अर्थ अविवाहित बाई असा झाला, आणि इंग्लंडातल्या लग्नाच्या नोंदवहीत तो २००५ पर्यंत टिकला. त्या हिशोबाने मी स्पिन्स्टर. आयुष्यात हातभर सूत कातलेलं नाही, तरी. हे मी पोरांना सांगितलं नाही, पण मोठ्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. कालांतराने स्टरमधलं बाईपण झिजलं. आता तो उरला आहे यंगस्टर आणि गँगस्टरमध्ये.

त्यातलाच एक वेबस्टर. अमेरिकेतल्या नोआ वेबस्टरनं १८२८ मध्ये मोठा शब्दकोश काढला. कलरमधला यू गाळण्याचं श्रेयही त्याच्याकडे जातं. तर वेबस्टर या आडनावाचा मुळातला अर्थ विणकर, खरं म्हणजे विणकरीण. एवढं सांगताच वर्गात जो आनंद पसरला तो मी कुठल्याच निकालाच्या दिवशी पाहिलेला नाही. ‘म्हणजे आपल्यातलाच की, अक्का!’ भिंतीपलीकडे खटक-खट चालूच होतं. नाही कशाला म्हणायचं?

मग कम्प्युटर. हा अर कुणाला दिसतच नाही, कारण पोरांनी ती वस्तूच आधी पाहिलेली असते. पण सतराव्या शतकापासून कम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेधशाळांमध्ये, कचेऱ्यांमध्ये कम्प्युटर पगार घेत, डबा खात. त्यांत बायकाही पुष्कळ. यंत्र आलं, त्यानं काम घेतलं आणि वर नावही नेलं. पोरांना हे फार मजेशीर वाटलं. डबा खाणारा कम्प्युटर एकानं वहीच्या मागच्या पानावर काढलासुद्धा.

परवा ‘माय मदर’ निबंध लिहायला दिला होता. एका मुलीनं पहिलंच वाक्य लिहिलं, ‘माय मदर इज अ रोलर.’ मागच्यानं मान लांब करून वाचलं आणि फिसकन हसला. त्याच्या डोळ्यांसमोर पार्क मैदानावर पिचवरून फिरतो तो रोलर. हां हां म्हणता सगळे हसू लागले. पोरीचा चेहरा उतरला.

मी वही हातात घेतली. विड्या वळणाऱ्या बायकांना सरकारी कागदांवर इंग्रजीत बीडी रोलरच म्हणतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी हेच काम चालतं. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. मजुरीचा हिशोब हजार विड्यांवर. मी मोठ्यांदा म्हटलं, ‘शंभर टक्के बरोबर आहे. रोल करते ती रोलर.’ हसणं थांबलं. मागच्यानं तर गुपचूप स्वतःच्या वहीतला ‘हाउसवाइफ’ खोडला.

तेवढ्यात लाइट गेली. दोन-तीन मोबाइलांचे टॉर्च लागले. त्या उजेडात ती मुलगी वही घ्यायला जवळ आली.

‘अक्का, विड्या वळायचं मशीन आलं तर त्याला पण रोलरच म्हणायचं?’

‘हो.’

‘मग मम्मीला काय म्हणायचं?’

माग बंद होते. ऐकू आलं नाही, असंही म्हणता येईना.