तुम्ही विचारलंत म्हणून: विल्सनच का?

अमेरिकन घटनेवर कुठेही बोललो की शेवटी कुणीतरी विचारतंच, "सर, सुप्रीम कोर्टाचा नावाजलेला सरन्यायाधीश जॉन मार्शल सोडून त्या कर्जबुडव्या जेम्स विल्सनचं एवढं काय कौतुक?" विचारणाऱ्यांना तो माहीत असतो: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, राज्यघटनेवर सही, वॉशिंग्टनने सुप्रीम कोर्टावर नेमलेल्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक. ते पुन्हा उगाळत नाही.

कौतुक आहे ते १७९३ च्या 'चिझम विरुद्ध जॉर्जिया' या खटल्यातल्या त्याच्या निकालपत्राचं. जॉर्जिया राज्याने स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात घेतलेल्या मालाचे पैसे थकवले होते. दावा झाला तर म्हणे, आम्ही सार्वभौम, आमच्यावर खटला कसला? कोर्टात हजरसुद्धा झाले नाहीत. विल्सनने लिहिलं त्याचा आशय असा: राज्यही व्यापाऱ्यासारखाच करार करतं, पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याला कोर्टात खेचता येतं, मग पैसे बुडवणाऱ्या राज्याला का नाही? पुढे घटनेच्या अकराव्या दुरुस्तीने, म्हणजे राज्यांवर असे दावे लावायला बंदी घालून, तो निकाल पुसला. मला तो अजूनही बरोबर वाटतो.

हो, माहीत आहे, आता तुम्ही हसणार. कारण चारच वर्षांनी हाच माणूस घेणेकऱ्यांना चुकवत फिलाडेल्फियातून पळाला. उधारीवर अफाट जमिनी घेऊन ठेवल्या होत्या, मंदी आली आणि सगळं अंगाशी आलं. न्यू जर्सीत बर्लिंग्टनला तुरुंगात पडला. मुलाने सोडवला. मग दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेंटनला जाऊन राहिला. तिथेही पिअर्स बटलरने गाठलाच. बटलर कोण? घटना परिषदेत सोबत बसलेला, त्याच घटनेवर सही केलेला. त्याचं येणं १,९७,००० डॉलर. पुन्हा तुरुंग, आणि तेही सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश पदावर असताना! सुटला तेव्हा पार खचलेला होता. मलेरिया झाला, त्यावर पक्षाघाताचा झटका. २१ ऑगस्ट १७९८ ला गेला, वय ५५. जवळ बायको हॅना होती. लग्न झालेलं १७९३ मध्येच, तेव्हा ती १९ वर्षांची.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो: निकाल वेगळा, खिसा वेगळा. हल्ली तसं म्हणताना जीभ अडखळते. ते व्यापाऱ्याचं वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःची उधारी आठवली नसेल? पण म्हणून निकाल चुकीचा ठरतो का? मार्शलने गुलाम बाळगले, त्यावरून त्याचे निकाल कुणी फाडत नाही. आणि खरं तर विल्सनवर विचारायला हवा तो प्रश्न तुम्ही विचारतच नाही. राज्यांच्या संसदेतल्या जागा ठरवताना गुलामांना तीन-पंचमांश माणूस मोजायचा प्रस्ताव फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत मांडला तो यानेच. तिथे माझ्याकडे बचाव नाही.

राहिला राजीनामा. तो का दिला नाही? वर्षाला ३,५०० डॉलर पगार, तोही सोडला असता तर हॅनाने खायचं काय, असं मी म्हणतो. मग वाटतं, तुरुंग चुकवत फिरणाऱ्या न्यायाधीशाला लोकांनी पगार तरी का द्यावा?