शोध कसा लागतो हे विचारायला गेले आणि सात महिने एका टेबलावर अडकले

जून 2023. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, शोध लागला हे त्या माणसाला कळतं कसं?"

मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, सोळा वर्षं झाली. कोणता शोध कुणी लावला, कोणत्या साली लावला, हे मला तोंडपाठ आहे. पण लागला हे कळतं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग ठरवलं की ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांना जाऊन विचारायचं. आणि सुरुवात तुरीपासून करायची, कारण माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, रानात चार वर्षांपासून तूर ऐन फुलात आली की उभ्या उभ्या वाळत होती. गावात सगळे म्हणायचे मर लागली. आण्णा दरवर्षी बियाणं बदलायचे.

मराठवाड्यातल्याच एका संशोधन संस्थेत तुरीच्या मर रोगावर काम चालतं असं कळलं. संस्थेचं नाव आणि जिल्हा मी लिहिणार नाही. तिथल्या शास्त्रज्ञांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. राग आहे तो एका कार्यालयावर, आणि तो अजून गेलेला नाही.

सरकारी शिक्षक असल्यामुळे माझा अर्ज योग्य मार्गानं जायला हवा होता. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. लोक याच साखळीला घाबरवतात, पण माझं पत्र तिथून चार दिवसांत सुटलं. 5 जुलैला ते मी स्वतः त्या संस्थेच्या आवक विभागात दिलं.

पहिली चूक माझी. पोच घेतली नाही. बाबूंनी कागद ठेवून घेतला, "होऊन जाईल मॅडम" म्हणाले, आणि मी विश्वासानं एसटीत बसले. तीन आठवड्यांनी गेले तर अर्जच सापडेना. आवक क्रमांक विचारला, माझ्याकडे तो नव्हता. दुसरा अर्ज लिहिला, या वेळी झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतला. तुम्ही कुठंही जा, शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दुसऱ्या अर्जावर त्यांनी एक छापील नमुना दिला. भेटीचे उद्दिष्ट, भेटीची अपेक्षित निष्पत्ती, विचारावयाच्या प्रश्नांची यादी. निष्पत्तीच्या रकान्यात मी लिहिलं, शोध कसा लागतो हे विद्यार्थ्यांना समजेल. ऑगस्टच्या शेवटी नमुना परत आला. वर लाल शाईत शेरा: उद्दिष्ट मोघम आहे.

मी साहेबांना भेटायला गेले. दारातले शिपाई मामा म्हणाले, "बाई, कशाला हेलपाटे मारायलात, साहेब मीटिंगला गेलेत." अडीच तास बसले. साहेब आले, कागद पाहिला आणि म्हणाले, "भेटीतून नक्की काय मिळणार ते लिहा. असं कसं मंजूर करू?" मी म्हणाले, "सर, मला माहीत नाही म्हणून तर यायचंय." त्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तिकीट अर्धं असलं तरी दिवस पूर्ण जातो, आणि रजा माझी किरकोळ खर्ची पडते. पण त्याहून जास्त लागलं ते हे की ज्या इमारतीत माणसं माहीत नसलेल्या गोष्टीमागे आयुष्य घालवतात, तिच्याच तळमजल्यावर "माहीत नाही" हे कारण चालत नव्हतं.

मग मी चौदा प्रश्न लिहून दिले. आपण आत्तापर्यंत कोणत्या गोष्टीत चुकलात? चूक कशी लक्षात आली? एखादं वाण कायमचं सोडून द्यायचं हे कधी ठरतं? सप्टेंबरात टपालानं जाड लिफाफा आला. आत प्रसारित वाणांच्या माहितीपत्रकांच्या झेरॉक्स होत्या. वाणाचं नाव, पिकायला लागणारे दिवस, हेक्टरी उत्पादन. चौदापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि परवानगीबद्दल एक ओळ नव्हती.

इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. शास्त्रज्ञांना भेटायला नेहमी परवानगी लागतेच असं नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात 18 मेला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरीप पीक मेळावा भरतो आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बी मेळावा. तिथं कुणीही जाऊ शकतं. गर्दी ओसरल्यावर, दुपारी तीननंतर जा. मी 17 सप्टेंबरला अशीच गेले, आणि तुरीच्या वाणांपाशी बोलत उभे असलेले गृहस्थ नेमके मला ज्यांना भेटायचं होतं त्या संस्थेतलेच पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ, निघाले.

मी त्यांना मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते हसले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "आमच्याकडे कळण्यासाठी एक ओळ मरावी लागते."

मग त्यांनी सिक प्लॉट, म्हणजे मुद्दाम रोगट ठेवलेलं रान, समजावून सांगितलं. शेतकऱ्याला सांगतात की एकाच रानात दरवर्षी तूर घेऊ नका, फेरपालट करा. सिक प्लॉटमध्ये बरोबर उलटं करतात. त्याच जागी वर्षानुवर्षं तूर, आणि रोगानं मेलेल्या झाडांची खोडं तोडून पुन्हा त्याच मातीत. फ्युजॅरियम उडम ही बुरशी तिथं मुद्दाम वाढवतात. नव्या वाणांच्या ओळी त्या रानात पेरतात, आणि मधूनमधून एक ओळ अशा तुरीची, जी हमखास मरते. आयसीपी 2376 हे तिचं नाव. नव्या वाणाची सगळी झाडं जगली तरी कुणी आनंद करत नाही, आधी बघतात ही शेजारची ओळ मेली का. ती जगली असेल तर त्या जागी बुरशीच नव्हती, आणि त्या वर्षीचे आकडे बाद. ती पुरती मेली आणि नव्या ओळीत शंभरात दहापर्यंतच झाडं गेली, तर ते वाण प्रतिकारक्षम धरतात. तेही एका वर्षावर नाही.

"एक ओळ तीन वर्षं जगली," ते म्हणाले. "आम्ही तिला नाव द्यायच्या बेतात होतो. चौथ्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर लावली, तिथं मेली." बुरशीचेही प्रकार असतात, एका गावच्या बुरशीला पुरून उरलेली तूर दुसऱ्या गावी टिकेलच असं नाही. मी विचारलं, मग तीन वर्षं वाया गेली? ते म्हणाले, "वाया कशी? ती ओळ कुठं मरते हे आता माहीत आहे." तुरीचं फूल किती लहान, संकर करताना कळी उमलायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढायचे, मधमाशी शिरू नये म्हणून जाळी, आणि एवढं करून बहुतेक फुलं गळूनच जातात, हेही त्यांनी बोटांनी दाखवून सांगितलं. संकरापासून शेतकऱ्याच्या हातात बियाणं जाईपर्यंत दहा-बारा वर्षं धरा म्हणाले.

निघताना म्हणाले, "ऑक्टोबर-नोव्हेंबरात या. तेव्हा प्लॉट बघण्यासारखा असतो. मुलांना आणा. फक्त तेवढं पत्र घेऊन या."

तेवढं पत्र! ऑक्टोबर गेला. दोनदा गेले. एकदा कळलं की टिपणी वर गेली आहे. दुसऱ्यांदा कळलं की ज्या साहेबांकडे गेली त्यांची बदली झाली आहे आणि कपाटाची चावी नव्या साहेबांकडे आलेली नाही. नोव्हेंबर गेला. त्या रानात झाडं वाळत होती, ज्यांना बघायचं होतं ती अठ्ठावीस मुलं चाळीस मिनिटांच्या तासाला फळा बघत होती, आणि मधे एक कपाट होतं. डिसेंबरात तुरीची कापणी सुरू झाली.

जानेवारीत आमच्या एका शिक्षकमित्रांनी सुचवलं ते मी जुलैतच करायला हवं होतं. माहितीचा अधिकार. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तक्रार लिहायची नाही, का आणि कशासाठी विचारायचं नाही. फक्त अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. सत्ताविसाव्या दिवशी फोन आला, आवाज एकदम मऊ. 9 फेब्रुवारी 2024 ला परवानगीचं पत्र हातात पडलं. रान तेव्हा नांगरून मोकळं झालेलं होतं.

त्या मधल्या महिन्यांत मी स्वस्थ बसले नव्हते. किल्लारीच्या भूकंपाला 30 सप्टेंबर 2023 ला तीस वर्षं झाली, त्या सुमारास लातूरला एका निवृत्त भूवैज्ञानिकांना भेटले. कोणतंही पत्र लागलं नाही, ओळखीतून फोन केला. 1993 मध्ये ते तरुण होते, आठवडाभरात किल्लारीत पोचले होते. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात लातूरचा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, सुमारे दहा हजार माणसं गेली. नकाशा बदलला 2002 मध्ये.

"आम्हाला बेसॉल्टखाली काय आहे हेच माहीत नव्हतं," ते म्हणाले. नंतर तिथं 617 मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे 338 मीटर आपला काळा पाषाण, मग थोडा गाळाचा थर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा खडक. पण भूकंप का झाला यावर अजून एकमत नाही. 1992 मध्येच त्या भागात हादरे सुरू झाले होते. जवळच्या माकणीच्या धरणाच्या पाण्याचा वाटा होता असं काही जण मानतात, काही जण मानत नाहीत. मी म्हणाले, मुलांना मी काय सांगू? ते म्हणाले, "दोन्ही सांगा. आणि कोण कशाच्या आधारावर बोलतं तेही सांगा." त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की अनिर्णित गोष्ट वर्गात शिकवता येते.

तिसरी भेट औंढा नागनाथची. तिथं लिगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार आहे, एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. एका कार्यक्रमात गुरुत्वीय लहरींवर काम करणारी तरुण संशोधक भेटली. तिनं 2010 ची हकीकत सांगितली. सप्टेंबरात अमेरिकेतल्या यंत्रांत एक सुरेख संकेत आला. श्वान तारकासमूहाच्या दिशेचा, म्हणून त्याला बिग डॉग म्हणू लागले. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने राबले, शोधनिबंधसुद्धा लिहून तयार. मार्च 2011 मध्ये सगळ्यांसमोर एक लिफाफा उघडला. संकेत खोटा होता. आपली पारख चालते का हे बघायला मोजक्या माणसांनी तो यंत्रांत गुपचूप घातला होता, आणि असं होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक असूनही ते सहा महिने खऱ्यासारखेच राबले होते. म्हणून 14 सप्टेंबर 2015 ला खरा संकेत आला तेव्हा पहिला प्रश्न होता, हाही घातलेला तर नाही ना? जगाला सांगितलं 11 फेब्रुवारी 2016 ला, जवळपास पाच महिन्यांनी.

मी तिला त्या छापील नमुन्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "ताई, निधी मागताना आम्हालाही तोच रकाना भरावा लागतो. अपेक्षित निष्पत्ती." मग दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

पुढच्या वर्षी मी मार्ग बदलला. आधी त्या पैदासकारांना पत्र लिहिलं. त्यांनीच वरून शिफारस करून ते कार्यालयात पाठवलं. अकरा दिवसांत मंजुरी. खालून वर जाणारा कागद आणि वरून खाली येणारा कागद यांचा वेग वेगळा असतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक हंगाम वाचला असता. मुलांना नेणार असाल तर पालकांची संमतीपत्रं आणि एसटीच्या प्रासंगिक कराराची चौकशी महिनाभर आधी करा. आणि जुनी चप्पल घाला.

चपलेचं कारण असं. नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही सिक प्लॉटमधून बाहेर आलो तेव्हा पैदासकार सरांनी सगळ्यांची पायताणं बांधावरच धुऊन घेतली. मातीच्या एका ढेकळातून बुरशी दुसऱ्याच्या रानात जाते. एक काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असं बजावलं. आत दोन ओळी शेजारी शेजारी होत्या, एक हिरवीगार शेंगांनी लगडलेली, एक पार वाळून कोळ. सरांनी वाळलेलं खोड उभं चिरून दाखवलं. सालीखाली लाकडात काळपट रेघ, मुळापासून वर चढत गेलेली. मग म्हणाले, पाणी साचूनही तूर मरते, करप्यानंही मरते, लांबून सगळं सारखंच दिसतं. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता नववीत होती. तिनं ती रेघ बराच वेळ पाहिली आणि हमखास मरणाऱ्या ओळीतली झाडं एक एक करून मोजली. वहीत आकडा लिहिला. मला दाखवला नाही.

मी त्या खोडाचा मोबाइलवर फोटो काढला आणि रात्री आण्णांना दाखवला. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आमच्याकडे अतिवृष्टी झाली होती, तूर चार दिवस पाण्यात उभी होती. आण्णांनी फोटो मोठा करून पाहिला, काही बोलले नाहीत.

सकाळी सातला रानातून त्यांचा फोन. पाच झाडं चिरली होती. तीन झाडांत काळी रेघ होती, दोन झाडांत नव्हती. "मग ही दोन कशानं मेली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. "थांब," ते म्हणाले, "खालची माती उकरून बघायलोय."