टिपला टाकी

पूल-बिलियर्ड्समध्ये मिसक्यू झाला, म्हणजे मारताना क्यू, ती खेळायची काठी, बॉलवरून सटकली, की माणूस आधी चॉककडे बघतो, मग क्यूकडे, मग टेबलाकडे. टिपकडे, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टोपीकडे, बघणारे थोडेच, आणि तेही समोरून बघतात. टिप बघायची ती दिव्याखाली तिरकी धरून. चकाकली तर समजायचं, हिच्यावर जगातला कुठलाही चॉक, टिप सटकू नये म्हणून लावायची ती निळी पूड, टिकणार नाही.

मी पुण्यातल्या एका क्लबात मार्कर आहे. विल्सन जोन्स याच गावचे. 1958 साली कलकत्त्याला ते बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते आमचे म्हातारे मेंबर काल झाल्यासारखं सांगतात. आता बिलियर्ड्सचं टेबल दुपारी रिकामं असतं आणि पूलच्या टेबलावर नंबर लावावा लागतो. स्कोअर ठेवणं, कापड ब्रश करणं ही नोकरी. टिपा बसवणं ही माझी आवड, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही. क्लबच्या सार्वजनिक क्यूंना स्क्रूच्या टिपा लावतात, कारण त्या पटकन बदलता येतात. मला विचारून लावत नाहीत.

पावसाळ्यात आमच्याकडे पूलची ओपन स्पर्धा असते. हवेत ओल इतकी की चॉक मी झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि लागेल तसा काढतो. त्या सकाळी विशीतला एक मुलगा सरावाला आला. क्यू चांगला, मेपलचा, वर महागाची लेयर्ड, म्हणजे चामड्याचे थर चिकटवून केलेली, टिप. टेबलाच्या कडेवर चॉकचे तीन वेगवेगळे ठोकळे मांडलेले. दर दोन-तीन शॉटनंतर हा चॉक ठेवून तो उचलायचा आणि ठोकळ्यात क्यू असा गरागरा फिरवायचा की भोक पडावं. हे दृश्य मी रोज बघतो आणि रोज डोक्यात जातं. चॉक टिपवरून पुसल्यासारखा हलका फिरवायचा असतो, क्यू थोडा थोडा वळवत. भोक पाडलं की चॉक फेरुलला, म्हणजे टिपखालच्या कडक नळीला लागतो, टिपची कड कोरडीच राहते.

पण त्याचं दुखणं वेगळं होतं. बॉलला खाली मारून मागे आणायचा तो ड्रॉ, डावी-उजवीकडे मारायचं ती साइड. मी विचारलं, “सरळ मारताना सटकतो का रे?”

“नाही काका. ड्रॉ मारला की सटकतो. साइड दिली तरी कधी कधी.”

इथेच मला वास आला. पूलचा बॉल साधारण 57 मिलिमीटरचा. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे 14 मिलिमीटरपर्यंत, चॉक लावलेली टिप बॉलला धरते. त्यापलीकडे कुणाचाही क्यू सटकतो. आणि या टोकाच्या फटक्याला टिपचा मधला भाग लागतच नाही. 13 मिलिमीटरची टिप असेल तर मध्यापासून पाचेक मिलिमीटरवर, जवळजवळ कडेला, बॉल टेकतो. शिवाय उलट बाजूला. बॉलला खाली मारलं की टिपची वरची कड लागते, उजवीकडे मारलं की डावी. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात. म्हणजे मधे चॉक टिकतोय आणि कडेला नाही, असं असेल तर सरळ शॉट छान बसणार आणि ड्रॉला दगा होणार.

टिप दिव्याखाली धरली. मधे निळा थर एकसारखा. कडेला मात्र पिवळट, चकचकीत पट्टा, त्यावर चॉक नुसता उभा. नख लावलं. चांगल्या चामड्यात नखाची खूण उमटते. इथे टक् वाजलं.

“कडेला सुपरग्लू कुणी लावला?”

ज्या दुकानातून टिप बसवून घेतली होती तिथेच. टिप फेरुलबाहेर फुगायला लागली म्हणून कड पक्की करून दिली म्हणे. कडेला ग्लू लावायची पद्धत आहे, मी नाकारत नाही. पण पातळ ग्लू चामड्यात चढतो. थेंब जास्त झाला की बाजूवरून वर गोलाईवर येतो आणि तिथली भोकं बुजवून टाकतो. फुगलेली कड आधी फेरुलच्या रेषेत कापायची, ओलं बोट फिरवायचं आणि जाड कागदाने तापेपर्यंत घासायची. चामडं दाबून बसतं, ग्लूची गरज पडत नाही. मनगट दुखतं एवढंच, आणि तेच नको असतं.

त्याची पहिली मॅच तासाभरात होती. नवी टिप बसवणं सरळ उपाय होता, पण नवी टिप दबून बसायला थोडा खेळ लागतो आणि त्याला नेम सापडेपर्यंत तो बाहेर गेला असता. शेजारचा मित्र म्हणाला, अॅसिटोन लावा. ग्लू जाईल, बरोबर लेयर सुटतील आणि फेरुलची वाट लागेल. मी त्या मित्राला चहा सांगायला पाठवलं.

80 नंबरचा पॉलिश पेपर घेतला, वापरून थोडा मेलेला. घासायचं नेहमी माथ्याकडून फेरुलकडे, नाहीतर कड उचकटते. पहिल्यांदा पांढरट, कोरडी पूड पडली. तो ग्लू. जरा खाली गेल्यावर तपकिरी तूस यायला लागलं, ते चामडं. एका बाजूला तपकिरी लवकर आलं, दुसऱ्या बाजूला पांढरं थांबेचना. टिप आधीच तीनेक मिलिमीटर उरलेली, त्यामुळे मीही हात आखडता घेतला. गोलाई होती त्यापेक्षा उभट झाली, पण डोळ्याला सगळीकडे तपकिरी दिसलं तेव्हा थांबलो.

मग टोचणी. लाकडी मुठीत बसवलेल्या माझ्या स्वतःच्या सुया आहेत. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वाटण सरकतं, म्हणून टाकीवाल्याला बोलावतात ना, तेच हे काम. फक्त इथे ठोकायचं नाही, दाबायचं. लेयर्ड टिप ओरबाडली की पापुद्रे सुटतात. चॉक म्हणजे मुळात सिलिका आणि घासपावडरची बारीक पूड; अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी 1897 साली तिचं पेटंट घेतलं. ती पूड बसायला चामड्यात जागा लागते. जागा नसेल तर महागातला चॉकही फटक्यासरशी उडून कापडावर पडतो, आणि मग ते ब्रश करायला मी आहेच.

त्याच्या हातून चॉक लावून घेतला. ड्रॉ मारायला लावला. बॉल परत आला. पुन्हा मारला, पुन्हा आला. दर वेळी टिप बघितली. निळा कडेपर्यंत होता.

दोन राउंड तो जिंकला. तिसऱ्यात शेवटच्या रॅकला, म्हणजे डावाला, आठ नंबर आणि नऊ नंबर उरले होते. आठ पाडून पांढरा बॉल नऊसाठी जागेवर यायला ड्रॉ हवा होता. मारला, आणि सटकला. तो टक् असा आवाज सगळ्या हॉलला कळतो. पांढरा बॉल भलतीकडे गेला, समोरच्याने दोन्ही बॉल काढले, हात मिळवले.

मी स्कोअरच्या टेबलावर होतो, मला त्याची पाठ दिसत होती. बॉलवर निळा ओरखडा नेमका कुठे होता ते बघायला मिळालं असतं तर प्रश्न मिटला असता. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येच्याही पलीकडे खाली असता तर चूक हाताची. पण समोरच्याने तोच बॉल लगेच खेळला.

पुढच्या आठवड्यात तो नवी टिप बसवायला आला. जुनी काढण्याआधी मी क्यूवरच्या लोगोच्या रेषेत तिच्यावर पेन्सिलने खूण केली, मग ब्लेडने मधोमध कापली. जवळजवळ सगळीकडे चामडं मऊ. फक्त लोगोच्या डाव्या बाजूला, माथ्यापासून केसभर खाली, भाताच्या शिताएवढा कडक तुकडा होता. वरून तपकिरीच दिसत होता.

“लोगो वर धरून खेळतोस का?”

“बहुतेक वरच असतो.”

तसं असेल तर साध्या ड्रॉला तो तुकडा लागणार नाही, उजवी साइड दिली असेल तरच लागेल. तो म्हणतो, साधा ड्रॉ होता. मित्र शपथेवर सांगतो, उजवी दिली होती, नऊवर कोन बनवायला द्यावीच लागत होती. दोघं माझ्यासमोर भांडले. मी टेबलावर आठ आणि नऊ होते तसे मांडून बघितले, दोन्ही तऱ्हेने जमतं.